शंभर मीटरच्या आतला पूल

कोल्हापूरचा पंचगंगेवरचा शिवाजी पूल पडला नाही. पडला असता तर नवा लवकर झाला असता, असं माझे सासरे म्हणतात, आणि ते नुसतं तिरकं बोलणं नाही. महाडला 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्यात दोन एसट्या गेल्या, माणसं गेली. पुढचा पाऊस जोर धरायच्या आत, 5 जून 2017 ला तिथं नवा पूल वाहतुकीला खुला झालाही. 165 दिवसांत बांधला म्हणून त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. आमच्या पंचगंगेवर मात्र त्याच काळात जुन्या पुलाच्या शेजारी नवा पूल बराचसा बांधून उभा होता आणि आम्ही रोज त्याच्याकडं बघत जुन्यावरनं ये-जा करत होतो.

मी आंबेवाडीची सून. कोल्हापूर शहरात लक्ष्मीपुरीत एका धान्याच्या व्यापाऱ्याकडं हिशेब लिहिते. म्हणजे सकाळी गाडी काढायची, शिवाजी पूल, तोरस्कर चौक, पंचगंगा तालीम, गंगावेश करत पेठेत पोचायचं आणि संध्याकाळी त्याच वाटेनं उलटं. माझ्या आधी पहाटे सासरे, म्हणजे आमचे मामा, दुधाच्या किटल्या मोटारसायकलला अडकवून याच पुलावरनं गेलेले असतात. मुलाची शाळा पलीकडं, दवाखाना पलीकडं, बाजार पलीकडं. पन्हाळा, जोतिबा, मलकापूर, रत्नागिरी अशी सगळी वाहतूकही इथूनच. त्यामुळं पुलाविषयी आमच्या घरात जेवढं बोलणं झालं असेल तेवढं लग्नाकार्याविषयीही झालं नसेल.

जुना पूल 1870 च्या दशकातला, काळ्या दगडाच्या कमानींचा. खालून, पंचगंगा घाटावरनं बघितला तर अजूनही देखणा दिसतो. अडचण खालून नव्हती, वरून होती. ज्यांनी तो बांधला त्यांच्या डोळ्यासमोर बैलगाड्या आणि टांगे असणार. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर समोरून आला की दुचाकीवाल्यानं दगडी कठड्याला चिकटून उभं राहायचं, गुडघा आत घ्यायचा आणि ट्रॉलीबाहेर आलेली उसाची टोकं तोंडावरनं जाऊ द्यायची. एसटी आणि ट्रक समोरासमोर आले तर दोघांपैकी एकाला दम धरावा लागे. कोल्हापुरात दम धरणारा ड्रायव्हर शोधून दाखवा.

पावसाळ्यात वेगळंच. पुराचं पाणी पुलावरच्या खुणेला लागलं की अख्ख्या कोल्हापुरात ‘मच्छिंद्री झाली’ म्हणतात. सरकारी मोजमाप राजाराम बंधाऱ्यावर होतं, 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका. पण आमच्या आत्ती (सासूबाई) बंधाऱ्याचे आकडे कधी विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच, “मच्छिंद्री झाली का गं?” झाली असेल तर मी कामावर जायचं नाही, कारण संध्याकाळी परत येता येईलच याचा भरवसा नाही.

नव्या पुलाचं काम सुरू झालं तेव्हा म्हणूनच फार बरं वाटलं होतं. नदीच्या पात्रातलं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि वळवाचे ढग दिसायला लागले की आवरतं घ्यावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. एका हंगामात पाया, पुढच्या हंगामात खांब, मग वरचा भाग, असं ते चढत गेलं. गाडी हळू करून बघणारी मी एकटीच नव्हते. मागनं हॉर्न वाजवणाराही पुढं आला की मान वळवून बघायचाच. गावात लोक पैजा लावायचे, यंदाचा गणपती नव्या पुलावरनं आणायचा म्हणून.

मग 2015 मध्ये काम थांबलं. सुरुवातीला कुणाला वाटलं ठेकेदाराचं बिल अडकलं असेल, कुणाला वाटलं वाळू मिळत नसेल. खरं कारण समजलं तेव्हा पेठेत माझे मालक हसायलाच लागले. पूल अडवला होता ब्रह्मपुरीनं.

ब्रह्मपुरी म्हणजे पुलाच्या शहराकडच्या टोकाला असलेलं टेकाड. तिथं 1945-46 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी खोदकाम केलं, त्यात सातवाहन काळातली वस्ती सापडली. घरं, नाणी, भांडी आणि रोमन व्यापाराच्या खुणा. त्याच टेकाडात ब्राँझची एक छोटी मूर्तीही निघाली, पॉसिडॉनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या वस्तू ठेवल्या आहेत. काम थांबल्यावर मी मुलाला मुद्दाम ती मूर्ती दाखवायला नेलं. वीतभराचा देव. दोन हजार वर्षांपूर्वी कुठून तरी समुद्रावरनं आला, घाट चढून पंचगंगेकाठी राहिला आणि आता आमच्या पुलाला आडवा उभा राहिला. मुलगा म्हणाला, “आई, हा पाण्याचाच देव आहे ना, मग ह्याला पूल का नको?” मला उत्तर देता आलं नाही.

अडचण कायद्याची होती. ब्रह्मपुरीसारख्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करायचं नाही, पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी घेऊन करायचं. प्राचीन स्मारकांचा मूळ कायदा 1958 चा, पण 2010 च्या दुरुस्तीनं या शंभर मीटरला कुंपण घातलं. त्यातली खरी मेख मला बऱ्याच उशिरा कळली. घर असो, दुकान असो की सार्वजनिक पूल असो, त्या शंभर मीटरच्या आत नव्या बांधकामाला सूट देण्याचा अधिकारच कुणाला ठेवलेला नव्हता. त्यामुळं आम्ही ज्याच्याकडं अर्ज घेऊन जायचो तो खरंच सांगायचा, “माझ्या हातात नाही.” आम्हाला वाटायचं टाळाटाळ करतोय. गावातल्या चारचौघांबरोबर मी एका कार्यालयात गेले होते. तिथल्या साहेबांनी फाईल आमच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, “वहिनी, तुम्हीच वाचा आणि कुठं सही करू ते दाखवा.” उर्मटपणा होता, पण फाईल वाचल्यावर कळलं की सही करायला खरंच जागा नव्हती.

एक सांगते, मला तो कायदा मूर्खपणाचा वाटत नाही. तो नसता तर ब्रह्मपुरीवर आज अपार्टमेंट उभे असते, हे कोल्हापूरच्या कुणीही छातीवर हात ठेवून कबूल करावं. पण दीडशे वर्षांचा पूल आधीच त्या टेकाडाला खेटून उभा आहे, रोज हजारो माणसं त्यावरनं जातात, आणि नवा त्याच्या शेजारीच होतोय, एवढं बघायला कायद्यात डोळाच ठेवलेला नव्हता. शिवाय हे काम सुरू करण्याआधी कुणीतरी टेप लावून शंभर मीटर मोजायला हवे होते की नाही? खांब उभे राहून वरचं काम झाल्यावर मोजणी आठवते, ही तऱ्हा मला आजही समजलेली नाही.

सावित्रीची बातमी आली त्या पावसाळ्यात आमच्याकडं भीती वेगळ्या जातीची झाली. तोवर पूल ‘जुना’ होता, त्यानंतर तो ‘तसलाच’ झाला. राज्यभर जुन्या पुलांची तपासणी करायचे आदेश निघाले. पाण्याखाली पायाचे दगड कसे आहेत, दगडांमधला चुना धुऊन गेलाय का, हे प्रश्न चहाच्या गाड्यावर चर्चेला आले. मामा मात्र ठाम होते. “दगडाला काय होत न्हाई,” म्हणायचे, “माणसाला होतंय.” पाणी चढलं की पूल बंद करायचे, विशेषतः अवजड गाड्यांना. मग ट्रक वाठार-बोरपाडळे मार्गानं लांबून जायचे आणि आम्ही कसबा बावडा-शियेकडनं. पण तो रस्ताही नदीकाठचाच, थोडं पाणी वाढलं की तोही गेला. गगनबावडा रस्त्याला जावं तर तिथला बालिंग्याचा पूलसुद्धा असाच म्हातारा, पूर आला की त्याच्यावरही बॅरिकेड. तीन दिशांना रस्ते आणि तिन्हीकडं तेच. अशा वेळी मी गंगावेशीत मावशीकडं राहायचे. मावशी बिचारी काही म्हणायची नाही, पण सासरची माणसं फोनवर विचारायची, पाणी किती उतरलं, आणि मला ते ‘कधी येतेस’ असंच ऐकू यायचं.

26 जानेवारी 2018 ची रात्र. गणपतीपुळ्याहून कोल्हापूरकडं येणारी एक मिनी बस आमच्या गावावरनं पुढं गेली आणि शिवाजी पुलावर दगडी कठडा तोडून पंचगंगेत पडली. पुण्याच्या बालेवाडीकडची नात्यागोत्यातली माणसं होती, बायका-मुलं होती. 13 जण गेले. पुलाजवळच्या पेठेतली पोरं आवाज ऐकून धावली, थंडीत पाण्यात उतरली, म्हणून काहीजण वाचले. आमच्याकडं फोन आला तेव्हा मध्यरात्र उलटली होती. माझे दीर आणि गावातले काहीजण दोर घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी कामाला जाताना मी कठड्याचं ते भगदाड बघितलं. पडलेले दगड बाजूला ओढून ठेवले होते आणि तिथं दोरी बांधली होती. त्या दोरीपासून थोड्याच अंतरावर नवा पूल, भरपूर रुंद, कठड्यासकट कोरा. त्यावर कुणी वाळत घातलेले कपडे होते. त्याविषयी मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

अपघाताचं कारण काय, चालकाला डुलकी लागली की वेग जास्त होता, हे पोलिसांनी बघायचं. अरुंद पूल, अंधार आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या वेगाला पुरेल असा कठडा, एवढं मात्र आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मामा बोलले होते ते खरं ठरलं, दगडी कमानींना काही झालं नाही. पण हे ते स्वतः पुन्हा कधी बोलले नाहीत.

त्यानंतर शहर उठलं. कोल्हापूरला आंदोलनाची सवय आहे, टोलच्या वेळी ती साऱ्या महाराष्ट्रानं पाहिली. सर्वपक्षीय कृती समिती झाली, पुलावर धरणं, मोर्चे, अधिकाऱ्यांना घेराव. मीही गेले. पुढं बसून घोषणा द्यायची मला लाज वाटायची, म्हणून मागं बसून पाण्याच्या बाटल्या वाटल्या. त्या गर्दीत एक गंमत झाली, गंमतच म्हणायची. ज्यांना सातबारा वाचताना चष्मा लागायचा ती माणसं स्मारक कायद्याची कलमं बोलायला लागली. कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक 2 जानेवारी 2018 ला लोकसभेत मंजूर झालं होतं, म्हणजे अपघाताच्या आधी महिनाभर सुद्धा नाही. ते राज्यसभेत मात्र पुढं सरकेना. रोज सकाळी मामा किटल्या उतरवता उतरवता विचारायचे, “राज्यसभा बसली का गं?” आमच्या गोठ्यात राज्यसभेचं कामकाज याआधी कधी चर्चेला आलं नव्हतं.

दुसरी वाट होती आपत्ती व्यवस्थापन कायद्याची. पूल धोक्याचा आहे, माणसं मेली आहेत, ही आपत्तीच आहे, तेव्हा त्या कायद्याखाली जिल्ह्यातच निर्णय घ्या, ही मागणी जोर धरत गेली. ऐकायला सोपं वाटतं. पण एका कायद्याचा आधार घेऊन दुसऱ्या कायद्याच्या हद्दीत काम करायचं, आणि उद्या कोर्टात कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं कुणी? आदेश कोण काढणार आणि काम सुरू करा असं लेखी कोण देणार, यातच आणखी एक पावसाळा गेला आणि पाणी पुन्हा मच्छिंद्रीला लागलं. त्या दिवसांत मी दोन्ही बाजूंना शिव्या घालत होते, ज्यांनी सही केली नाही त्यांना आणि ज्यांनी त्यांच्यावर हात उगारायची भाषा केली त्यांनाही.

अखेर काम पुन्हा सुरू झालं. आता उरलं होतं ते थोडकंच, पण थांबलेलं काम जिथं सोडलं तिथून धरता येत नाही. टोकाला उघड्या राहिलेल्या सळया तीन पावसाळ्यांत तांबड्या पडल्या होत्या. तिथल्या एका कामगाराला मी विचारलं, तर म्हणाला आधी तारेच्या ब्रशनं घासायच्या, गंज खोल असेल तर तेवढी सळी बदलायची, मग वर रसायनाचा हात, आणि जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग टोचून खरखरीत केल्याशिवाय नवं काँक्रीट त्याला धरत नाही. बिहारचा मुलगा होता, त्याला ब्रह्मपुरीचं काहीच माहीत नव्हतं. “मॅडम, बीच में क्यों रोक दिया था?” मी त्याला पॉसिडॉनची गोष्ट सांगितली. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

2019 चा पावसाळा तोंडावर असताना नवा पूल सुरू झाला. पहिल्या दिवशी गर्दी टाळून मी दुसऱ्या दिवशी गेले. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंनी बस जात असताना मध्ये जागा शिल्लक. इतक्या वर्षांची सवय, ट्रक दिसला की माझा गुडघा आपोआप आत जायचा. मामांनी किटल्या घेऊन पूल ओलांडला आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, “गुळगुळीत हाय. पोरं पळवत्यात.” तेही खरंच होतं.

आणि ऑगस्ट आला. 2019 चा पूर. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली. नवा पूल पाण्याच्या वर कोरडा उभा, आणि आम्ही त्याच्या अलीकडं अडकलेलो. कारण पूल संपला की पुढं आंबेवाडीपर्यंतचा आणि तिथून केर्लीपर्यंतचा रस्ता सखल आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा नद्या वरच्या बाजूला प्रयाग चिखलीजवळ एकत्र होतात, आणि त्यांचं सगळं पाणी पसरायला जागा शोधतं तेव्हा ती आमची शेतं असतात. रेडेडोह फुटला, म्हणजे तिथून नदीचं पाणी बाहेर पडलं, की पन्हाळा रस्ता गेलाच, ही बातमी कोल्हापूरच्या पेपरात जवळजवळ दर पावसाळ्यात येते. त्या वर्षी आंबेवाडी आणि चिखली दोन्ही गावं पाण्यात होती, माणसं बोटींतून काढली. 1989 च्या पुरानंतर आम्हाला सोनतळीला प्लॉट मिळालेत, तिथं आत्ती म्हशींबरोबर आधीच गेल्या होत्या. “म्हशी सोडून मी बोटीत बसायची न्हाई,” हे त्यांनी पाणी चढायच्या आधीच जाहीर केलं होतं. शहरातली माणसं नव्या पुलावर उभी राहून पूर बघत होती, त्यांचे फोटो मला सोनतळीत मोबाईलवर दिसत होते. 2021 च्या जुलैत पाणी आणखी वर, 56 फुटांवर गेलं आणि पुन्हा तेच झालं.

आता चर्चा रस्ता उंच करायची आहे. भराव टाकून करायचा की खांबांवर, यावर गावात दोन तट आहेत आणि आमच्या घरातही. दीर म्हणतात भराव स्वस्त, लवकर होईल, आपली वर्षानुवर्षांची वाट बघणं संपेल. मामा म्हणतात भराव म्हणजे नदीत आडवी घातलेली भिंत, वरच्या अंगाला चिखलीत पाणी तुंबणार आणि ते आपल्या उंबऱ्यावर दोन दिवस जास्त थांबणार. खांबांवर करा, पाणी खालनं जाऊ द्या. मी त्यांच्या बाजूनं आहे. मोऱ्या ठेवू, असं भरावाच्या बाजूनं बोलणारे सांगतात. मी आता शिवाजी पुलाच्या शाळेत शिकलेली बाई, म्हणून पहिला प्रश्न विचारते की मोऱ्या किती, प्रत्येक किती मीटरची, आणि ती मापं 2019 च्या पाण्यावरनं काढली आहेत की त्याच्या आधीच्या. दुसरा प्रश्न मामा विचारतात, या वाटेवर कुठं संरक्षित काही निघत नाही ना, हे कुणी मोजलंय का. त्यावर सगळे हसतात, पण मामा हसत नाहीत. नकाशा समोर येईल तेव्हा त्यावर बोट ठेवायला आम्ही दोघं जाणार आहोत.